ताशी चार मैल

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव होतं 'नॉरफोक फायनल फायनल'. त्याआधी 'नॉरफोक' आणि 'नॉरफोक फायनल' असे दोन ग्रुप होऊन गेले होते, पहिल्यातून दोन फॅमिली गळल्या म्हणून दुसरा काढला आणि दुसऱ्यात व्हेज-नॉनव्हेजची भांडी वेगळी का एकच यावरून वाजलं म्हणून तिसरा. शेवटी उरलो आम्ही तेरा जण. मी, बायको, दोन मुलं, गावाकडून तीन महिन्यांसाठी इंग्लंडला आमच्याकडे आलेले माझे आई आणि आबा, एक मालवणवाला मित्र सहकुटुंब, आणि एक पुणेकर जोडपं त्यांच्या एकुलत्या एक लेकासकट. दोन बोटी, पाच दिवस, ऑगस्ट महिना. मित्रांची नावं लिहीत नाही कारण दोघंही हे वाचणार आहेत आणि दोघांनाही आपलंच बरोबर होतं असं अजून वाटतं.

इंग्लंडचा नकाशा समोर ठेवला तर उजवीकडे पूर्वेला जो पोटासारखा फुगवटा दिसतो ना, तो म्हणजे नॉरफोक. डोंगर नाही, धड टेकडी नाही, सपाट. म्हणजे आमच्या सोलापूरसारखंच सपाट, फक्त हिरवं आणि ओलं. तिथे ब्रॉड्स म्हणून उथळ तळ्यांचा आणि नद्यांचा एक पसारा आहे, ब्युअर, अँट, थर्न, येअर, वेव्हनी अशा नद्या एकमेकींत मिसळत समुद्राकडे जातात, आणि साधारण दोनशे किलोमीटर लांबीच्या पाण्यातून एकही लॉकगेट (पाण्याची पातळी कमीजास्त करायला घातलेलं फाटक) न लागता बोट नेता येते. बोट भाड्यानं मिळते. लायसन्स लागत नाही. हे वाचून माझ्या बायकोनं विचारलं होतं, लायसन्स लागत नाही ही चांगली गोष्ट आहे का वाईट? तेव्हा मी हसलो होतो.

या ट्रिपमागचं खरं कारण आबा होते, आणि हे मी ग्रुपवर कुणालाच सांगितलं नव्हतं. इकडे आल्यावर पहिले तीन आठवडे त्यांचे मजेत गेले, मग सगळं बघून झालं. त्यानंतर ते सकाळी उठून खिडकीत बसायचे आणि मंगळवारी कचऱ्याची गाडी आली की जरा उत्साहात यायचे, तिची ती हायड्रॉलिक उचल बघायला. बाकी दिवस नुसते बसून. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, भाषा येत नाही, रस्त्यावर बोलायला कुणी नाही. आईचं ठीक होतं, तिला किचन सापडलं होतं.

आबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधे फिटर होते. नॅरोगेजचं वर्कशॉप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कुर्डुवाडीहून एका बाजूला बार्शीवरून लातूरला आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरजेला दोन रुळांत अडीच फूट अंतर, म्हणजे गेज, असलेली छोटी गाडी जायची, तिला सगळे बार्शी लाईट म्हणत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मधे ती सुरू केली, पुढे १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज जोडलं. या कॅलथ्रॉपची आयडिया फार हुशारीची होती, कमी पैशात हलके रूळ टाकायचे आणि इंजिनाचं वजन जास्त चाकांवर वाटून द्यायचं, म्हणजे एका आसावर पाच टनाच्या वर भार येणार नाही. गडी पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला, पण ते वेगळंच प्रकरण.

मी त्या गाडीसोबत वाढलो आणि मला तिची लाज वाटायची. खरं तेच लिहितो. पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा होस्टेलवर पोरं विचारायची, तुमच्याकडे म्हणे चालत्या गाडीतून उतरून लघवी करून परत गाडी पकडता येते? आणि येत होती हो, हाच तर प्रॉब्लेम होता. चढावर गाडी एवढी हळू व्हायची की आम्ही शाळेतली पोरं उतरून तिच्याबरोबर चालायचो, बोरं वेचायचो. बारावीनंतर मी त्या गाडीत कधी बसलो नाही, एसटीनं जायचो. आबांचा निळा ड्रेस, त्याला येणारा ऑईलचा वास, जेवताना नखांत राहिलेली काळी रेघ, या सगळ्यापासून लांब जायचं आणि फास्ट जायचं एवढंच डोक्यात होतं. गेलोही. पुणे, बंगलोर, मग इथे मिल्टन कीन्स. आणि आता वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी चांगले पौंड मोजून ताशी चार मैलानं जायची सोय केली होती.

चार मैल हा आकडा बोट ताब्यात देताना कळला. रॉक्सम गावातल्या बोटयार्डात (यार्डाचं नाव नको, का ते पुढे येईल) एका तरुण पोरानं आम्हाला वीस मिनिटात सगळं शिकवलं. हा थ्रॉटल, हा रिव्हर्स, ब्रेक नाही. ब्रेक नाही? नाही. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा. स्टिअरिंग फिरवलं की लगेच काही होत नाही, थोड्या वेळानं होतं, आणि वळताना बोटीचं नाक नाही तर ढुंगण फिरतं असं समजा. किनाऱ्याला लागताना पाण्याच्या ओढीच्या उलट तोंड करून लागायचं. नदीत उजवीकडून चालायचं, शिडाच्या बोटीला वाट द्यायची कारण तिला नागमोडीच जावं लागतं. रोज सकाळी ऑईल बघायचं, पाण्याची टाकी भरायची. आणि नदीकाठी बोर्ड आहेत तीन, चार, पाच, सहा, तो तासाचा स्पीड, मैलात. सहाच्या वरचा बोर्डच नाही. का, तर बोटीच्या लाटांनी काठ ढासळतात, पक्ष्यांची घरटी वाहून जातात.

पुणेकर म्हणाला, सहा मैल म्हणजे दहा किलोमीटर, मी याच्यापेक्षा जास्त स्पीडनं जॉगिंग करतो. तो करत नाही.

आबा मात्र इंजिनाचं झाकण उघडलं तेव्हा गुडघे टेकून आत बघत बसले होते. पोरगा ऑईलची काडी दाखवत होता, आबांनी ती त्याच्या हातातून घेतली, फडक्याला पुसली, परत घातली, काढली, उजेडात धरून बघितली आणि मान डोलावली. पोरगा मला म्हणाला, याला सगळं येतंय. मी म्हणालो, हो. तेव्हापासून रोज सकाळी दोन्ही बोटींचं ऑईल आबांनीच बघितलं.

पहिल्या दिवशी पुणेकरानं एका घराच्या लाकडी धक्क्याला बोट घासली, त्या घराची मालकीण बाई हातात चहाचा कप घेऊन आली, शांतपणे बघितलं आणि काही लागलं नाही ना विचारून आत गेली. इंग्रज माणूस असा शांतपणे अपमान करतो. त्याच रात्री त्यांच्या बोटीचं गरम पाणी बंद पडलं आणि टॉयलेटची टाकी आधीच्या लोकांनंतर रिकामी केलेलीच नव्हती असं निष्पन्न झालं. यार्डाला फोन लावला तर उद्या बघू. उद्या कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं. तोपर्यंत तेरा माणसं एका टॉयलेटवर. यावर मला अजून लिहायचं नाहीये.

पण पाणी! सकाळी सहाला उठून डेकवर आलं की नदीवर धुकं, आणि लव्हाळ्यातून एक काळा पक्षी कपाळावर पांढरा टिळा लावून टुकटुक करत बाहेर येणार. आई म्हणाली, अगंबाई, वारकरी. खरंच वारकरीच, आपल्या उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात थवेच्या थवे असतात तोच पक्षी, इकडे त्याला कूट म्हणतात. आई पंढरपूरच्या वाटेवरची, तिला जो आनंद झाला. मग पाच दिवस ती त्यांना पोळीचे तुकडे टाकत होती आणि माझी मुलगी तिला आज्जी ब्रेड घालू नये पक्ष्यांना असं इंग्रजीत समजावत होती, आणि आई तिला ही ब्रेड न्हाई पोळी हाय असं मराठीत.

तळ्यांची गोष्ट मला फार आवडली, ती सांगतो. किती तरी वर्षं सगळ्यांना वाटायचं की ही तळी नैसर्गिक आहेत, नदीच्या खोऱ्यात असतात तशी. मग १९५० च्या दशकात जॉईस लॅम्बर्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळ्यांच्या काठाकाठानं जमिनीत भोकं पाडून मातीचे नमुने काढले, आणि दिसलं काय तर तळाच्या बाजू भिंतीसारख्या सरळ उभ्या आणि तळ सपाट. निसर्ग असं करत नाही, फावडं करतं. मध्ययुगात, बाराव्या ते चौदाव्या शतकाच्या सुमारास, लोकांनी इथे जळणासाठी पीट खणलं होतं. पीट म्हणजे दलदलीत शेकडो वर्षं कुजून दबलेल्या झाडपाल्याची माती, वाळवली की शेणीसारखी जळते. पुढे समुद्राची पातळी वाढली, खड्डे भरले, लोक विसरले. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, म्हंजी मुरमाच्या खाणीच की. बरोबर. आमच्या गावाबाहेरच्या खाणीत पावसाचं पाणी साठायचं आणि आम्ही पोरं त्यात पोहायचो आणि मार खायचो, तेच हे, फक्त इथे त्याला नॅशनल पार्कासारखा दर्जा आहे आणि पार्किंगचे पैसे.

रॅनवर्थच्या चर्चच्या मनोऱ्यावर ८९ पायऱ्या आणि वर शिड्या चढून गेलो, वरून सगळी तळी दिसतात, छान आहे, पण मालवणवाल्याची बायको शिडीवर अडकली आणि तिला उतरवण्यात अर्धा तास गेला त्यामुळे दृश्य कमी आणि वहिनींचे पाय जास्त लक्षात राहिले. पुढे सेंट बेनेट्स नावाच्या जुन्या मठाचे अवशेष लागतात, त्याच्या दरवाज्याच्या कमानीतच नंतर कुणीतरी पवनचक्की बांधून टाकलेली. असं दोन काळांचं डोक्यावर डोकं. आबा म्हणाले, दगड आयते मिळाले की माणूस दुसरं काय करणार.

तिसऱ्या दिवशी बोटी रॉक्समला उभ्या करून आम्ही आगगाडीला गेलो. ब्युअर व्हॅली रेल्वे. रॉक्समच्या मोठ्या स्टेशनाला लागूनच तिचं छोटं स्टेशन आहे, तिथून आयल्शमपर्यंत नऊ मैल. जुन्या बंद पडलेल्या लाईनच्या जागेवर १९९० मधे ही बारकी लाईन टाकली, पंचेचाळीस मिनिटं लागतात. मुलांसाठी म्हणून बुक केली होती. मला वाटलं होतं बागेतली फुलराणी असते तसं काहीतरी असेल.

प्लॅटफॉर्मवर पोचलो आणि आबा थांबले. सगळे तिकिटाच्या लाईनीत, मुलं आईस्क्रीमला, आणि हे प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन खाली रुळाकडे बघत उभे. मी गेलो. म्हणाले, "पंधरा इंच."

मी म्हटलं, काय?

"गेज. आपली तीस, ही पंधरा. बरोब्बर निम्मी हाय."

मी फोनवर बघितलं. पंधरा इंच. अडीच फूट म्हणजे तीस. चाळीस वर्षं मी अडीच फूट अडीच फूट ऐकत होतो, त्याचे इंच कधी केले नव्हते.

मग इंजिन आलं. कमरेच्या थोडं वर येईल एवढंच, पण खेळणं नाही. खरा कोळसा, खरी वाफ, शिट्टी अशी की पुणेकराच्या लेकानं कान झाकले. ड्रायव्हर आत बसलेला म्हणजे लहान मुलाच्या सायकलवर मोठा माणूस बसलाय तसं दिसत होतं. नाव 'स्पिटफायर'. आबा चाकं मोजायला लागले, पुढं दोन, मधे सहा, मागं दोन. दोन-सहा-दोन. मग वाकून रॉड बघितले, सिलिंडर बघितला, टेंडर म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा बघितला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्येला इचार, ही आपल्याकडची हाय का?"

मला ते विचारायला कसंतरी झालं. इथल्या माणसाला काय विचारायचं, तुमचं इंजिन आमचं आहे का? पण विचारलं. आणि तो ड्रायव्हर, साठीचा असेल, तोंडाला काजळी, एकदम वळला आणि म्हणाला, हो, हे भारतातल्या झेडबी क्लासवरून बनवलंय, निम्म्या मापात. तुम्हाला कसं कळलं?

मी म्हणालो, मला नाही कळलं, माझ्या वडिलांना कळलं.

थोडं सांगायला हवं. भारतात रेल्वेनं इंजिनांना अक्षरं दिली होती, त्यात झेड म्हणजे अडीच फुटी गेज. झेडबी हा त्यातला एक क्लास. इथे १९९४ मधे या रेल्वेसाठी नवीन इंजिनं करायची ठरली तेव्हा त्यांनी हे डिझाईन उचललं, तीसचं पंधरा केलं की मापं सरळ निम्मी होतात. म्हणजे इंग्रजांनी आपल्याकडे अडीच फुटी आणली, आपल्याकडे ती इतकी वर्षं धावली, आणि तिचं अर्ध रूप परत इकडे आलं, तेही पोरांना फिरवायला. मी इंजिनिअर आहे, मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

पुढची दहा मिनिटं मी तिथे नसल्यासारखा होतो. आबांचं इंग्लिश म्हणजे वर्कशॉपचं इंग्लिश, त्यात क्रियापदं नाहीत. पण बॉयलर, ट्यूब, फायरबॉक्स, इंजेक्टर, प्रेशर, लीक हे सगळे शब्द दोघांचे सारखेच. आबा म्हणाले, "वॉशआऊट? हाऊ मेनी डेज?" म्हणजे बॉयलर किती दिवसांनी आतून धुता, आणि ड्रायव्हरनं बोटं दाखवली. आबांनी मान हलवली, लवकर करता म्हणाले, पाणी खराब हाय का? हे मराठीत. ड्रायव्हरनं पाण्याबद्दलच उत्तर दिलं. मला अजून कळलेलं नाही हे कसं झालं.

गाडीत आमच्या डब्यात गुडघे एकमेकांना लागत होते. शेतं, नदी, ब्रॅम्प्टन, बक्स्टन अशी दोन-तीन छोटी स्टेशनं, आणि आयल्शमच्या आधी रस्त्याखालून जाणारा एक बोगदा, त्यात आमची पोरं आणि मालवणवाला स्वतः जोरात ओरडले. आबा खिडकीतून डोकं बाहेर काढू नका लिहिलं होतं त्याच्या खाली बसून डोकं जेमतेम आत ठेवून वास घेत होते. परत रॉक्समला आल्यावर इंजिन फिरवायला टर्नटेबल आहे, माणसं हातानं ढकलतात. लोक कठड्यापाशी फोटो काढत उभे. मी पण फोन काढला, तर फ्रेममधे आबांचे हात आले. कठडा धरून ढकलत होते, टर्नटेबलच्या लयीत. ते व्हिडिओत आहे, पण आवाज माझ्या बायकोचा आहे, पार्किंग संपलं चला म्हणून.

संध्याकाळी बोटीवर आईनं कुकर लावला. नॉरफोकच्या शांत नदीवर प्रेस्टिजच्या कुकरची शिट्टी कशी घुमते हे एकदा ऐकायला हवं, समोरच्या बोटीतला माणूस वाईनचा ग्लास घेऊन उभाच राहिला. आणि त्या शिट्टीवरून आबांनी मुलांना सुरुवात केली. वाफ कोंडली की जागा मागते. तिला एकच दार ठेवायचं, दारात पिस्टन. पुढची दोन चाकं वळणावर वाट दाखवतात, मधली सहा ओढतात, मागची दोन फायरबॉक्सचा भार घेतात. स्टीलचा ग्लास, लाटणं, पोह्याची बशी असं सगळं मांडून. माझ्या मुलीनं विचारलं, आणि तुम्ही काय करायचात आबा?

"मी समदं खोलून परत बसवायचो."

मुलगी म्हणाली, कूल. मी डाळीत मीठ कमी आहे का बघायला गेलो. चव घेतली तीन वेळा.

चौथा दिवस समुद्राचा. रॉक्समहून मोठ्या लाईनीनं शेरिंगम, तिथे दुसरी स्टीम ट्रेन, नॉर्थ नॉरफोक रेल्वे, ही मात्र पूर्ण आकाराची. शेरिंगम ते होल्ट, पाच-सव्वापाच मैल, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला माळ. ही लाईन मूळ १८८७ ची, पुढे ज्या कंपनीकडे गेली तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोकांनी तिचं 'गोंधळ घाला आणि कुठंच पोचू नका' असं नाव ठेवलं होतं. १९६४ ला बंद झाली. आणि १९७५ ला हौशी लोकांनी परत चालू केली. तिकीट तपासणारे, डबे पुसणारे, कोळसा टाकणारे यातले बहुतेक जण व्हॉलंटिअर. पगार नाही. हे आबांना समजवायला मला वेळ लागला. "फुकट? काजळी फुकट अंगावर घ्येत्यात?" हो. "घरी बायकू काय म्हनत न्हाई?"

पुणेकर लगेच सुरू झाला, बघा इथे लोक कसं जपतात, आणि आपल्याकडे बार्शी लाईट उखडून ब्रॉडगेज केली, हेरिटेज संपवलं. मला पण क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. आबा खिडकीतून बघत म्हणाले, ब्रॉडगेज झालं तेच बरं झालं. लातूरच्या मानसाला मुंबईला गाडी न बदलता जाता येतं. रात्री आजारी मानूस घ्यून कुर्डुवाडीला उतरायचं, मग सामान डोक्यावर घ्यून दुसरी गाडी, तुमी क्येलंय का कधी? पुणेकर गप्प बसला. मीही.

मग क्रोमर. तिथला धक्का १९०१ चा, समुद्रात आत गेलेला, टोकाला थेटर. मुलांना सील बघायचे होते पण त्या बोटीची वेळ टळली, तर त्याऐवजी धक्क्यावर खेकडे धरायचा कार्यक्रम. दोरीला बेकनचा तुकडा, बादलीत समुद्राचं पाणी, खेकडा वर ओढायचा, मोजायचा आणि परत सोडायचा. मालवणवाला बघत उभा राहिला. "परत सोडायचा?" हो. "पकडलेला?" हो. त्याला आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं.

क्रोमरचा खेकडा प्रसिद्ध आहे, किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाला खडूचा दगड आहे, तिथला खेकडा गोड असतो म्हणतात. दुकानात तो उकडून, मांस सोडवून, परत त्याच्याच कवचात भरून थंड देतात, वर लिंबाची फोड. मालवणवाल्यानं एक खाल्ला आणि म्हणाला, मरणाचो चांगलो असा, पण ह्येका कोणी तरी वाटप लावूक व्हया होता. मग अख्खे उकडलेले आठ विकत घेतले. संध्याकाळी बोटीवर वहिनींनी डब्यातून मालवणी मसाला काढला, नारळाच्या दुधाचा टिन, कोकम. भांड्यांचा वाद ज्याच्यावरून ग्रुप मोडला होता तो पुणेकर शुद्ध शाकाहारी, तो दुसऱ्या बोटीच्या डेकवर पाठ करून वरणभात खात बसला होता, आणि थोड्या वेळानं त्याची बायको आमच्या बोटीत वाटी घेऊन आली. कुणी काही बोललं नाही. कुणी ग्रुपवर टाकलं नाही.

समुद्रात कुणी गेलं का? मी गेलो, घोट्यापर्यंत. आई-आबा स्वेटर घालून वाळूत खुर्चीवर, आजूबाजूला इंग्रज कुटुंबं वाऱ्याला आडोसा म्हणून कापडी पडदे रोवून त्यामागे चड्डीवर बसलेली, अंगावर काटा, चेहऱ्यावर सुट्टी. आई म्हणाली, ह्यांना थंडी वाजती पन ती सांगत न्हाईत.

शेवटची रात्र हॉर्निंगला काढली. सकाळी नऊला बोटी रॉक्समच्या यार्डात परत द्यायच्या, उशीर झाला तर पैसे कापणार असं कागदावर ठळक अक्षरात. गरम पाणी तीन दिवस नाही दिलं त्याचं काही नाही, आमचा उशीर मात्र मोजणार. मी पहाटेच सगळ्यांना उठवलं तरी तेरा माणसं, आईचा चहा, मुलीचा एक बूट पाण्यात, निघायला पावणेआठ. माझं डोकं फिरलेलं. आबा म्हणाले, आण, मी घेतो. पाच दिवसांत पहिल्यांदाच स्टिअरिंगला बसले. मी शेजारी फोनवर मॅप लावून.

नदीकाठी शाकारलेली घरं, प्रत्येकाची स्वतःची बोट आणि स्वतःचं बदक, आणि बोर्ड. चार. आबांनी थ्रॉटल मागे घेतला. मी म्हटलं, आबा, कुणी बघत नाहीये, थोडं वाढवा, पाचनं चला. त्यांनी बोर्डाकडे बोट केलं.

"कॉशन हाय हितं."

रेल्वेत कॉशन म्हणजे पुढच्या पट्ट्यात हळू जा म्हणून ड्रायव्हरला दिलेली लेखी ऑर्डर. ती मोडत नाहीत. मी परत म्हटलं, पैसे कापतील. ते पुढे बघत राहिले. मागून एक कयाक आला, त्यात एक म्हातारी बाई, पुढे लाइफजॅकेट घातलेलं कुत्रं. बाईनं आम्हाला ओव्हरटेक केलं. कुत्र्यानं मान वळवून आमच्याकडे बघितलं. आबांनी गार्डासारखा हात वर केला, बाईनं वल्हं वर केलं. मी फोन खिशात टाकला.

यार्डात पोचलो तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि धक्क्यावर कुणीच नव्हतं, ऑफिसला कुलूप. मालवणवाल्यानं दोरी फेकली, मी ओढली. आबांनी इंजिन बंद केलं, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि म्हणाले,

"राईट टाइम."